टाकी भरलेली असताना बी मरतोय का?

लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनने हॅरोच्या पुढे आलात की पिनर लागतं. मी इथे राहते. स्टेशनपासून थोडं चाललं की मेमोरियल पार्क आहे, आणि त्या बागेत २०१६ साली उघडलेलं एक छोटं संग्रहालय आहे, विल्यम हीथ रॉबिन्सन या चित्रकाराचं. हा माणूस १९०८ ते १९१८ ही दहा वर्षं पिनरमध्ये राहत होता. त्याची चित्रं पाहिली नसतील तर एकदा जरूर बघा. एखादं साधंसं काम करायला उभारलेलं अवाढव्य यंत्र असतं. त्यात कप्प्या, किटल्या, मेणबत्त्या आणि जागोजागी गाठी मारलेल्या दोऱ्या. भोवती टक्कल पडलेले, पोट सुटलेले चष्मेवाले गृहस्थ अत्यंत गंभीर चेहऱ्याने आपापली दोरी ओढत असतात. इंग्रजीत कुठल्याही ठिगळं लावलेल्या यंत्राला आजही त्याचंच नाव देतात. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मन संदेश उलगडायला जे एक यंत्र बनवलं, त्यालाही 'हीथ रॉबिन्सन' म्हणायचे. आपण जुगाड म्हणू.

गेल्या वर्षी जूनमधल्या एका शनिवारी सकाळी मी याच बागेत बाकावर बसून ट्रॅक्टर दुरुस्त करत होते. ट्रॅक्टर अर्थातच पिनरमध्ये नव्हता. तो लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, आमच्या रानात उभा होता. माझ्याकडे फक्त फोन होता आणि एका इंग्रजी वर्कशॉप मॅन्युअलची पीडीएफ.

हा लेख त्या दुरुस्तीबद्दल आहे, पण खरं म्हणजे हे दोन पुस्तकांचं परीक्षण आहे. दुरुस्तीची पुस्तकं परीक्षणासाठी कुणी पाठवत नाही, त्यांच्यावर चर्चासत्रं होत नाहीत. पण तुमच्या-माझ्या घरात खरोखर घाईत, खरोखर गरज म्हणून वाचलं गेलेलं पुस्तक आठवून बघा. ते बहुतेक कादंबरी नसेल.

काय झालं होतं

मृगाचा पाऊस बरा झाला होता आणि वापसा आला होता. हा शब्द तुमच्या कानावरून गेला नसेल तर सांगते. पावसानंतर जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही, पेरायला नेमकी अशी होते, त्याला वापसा म्हणतात. तो दोन-चार दिवस टिकतो. ऊन कडक पडलं तर त्याहून कमी, आणि पुन्हा पाऊस आला तर गेलाच. सोयाबीन पेरणाऱ्या माणसाचं वर्ष या दोन-चार दिवसांवर उभं असतं.

काकांनी पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग घरीच केली. ट्रॅक्टर जुना, पस्तीस एचपीचा. ऑइल बदललं, एअर क्लीनर धुतला, ग्रीस मारलं, डिझेलचा फिल्टर बदलला आणि डिझेलच्या पंपाआधी गाळ बसायला जी काचेची वाटी असते ती धुऊन परत बसवली. सगळं ट्रॅक्टरसोबत मिळालेली मराठी पुस्तिका समोर ठेवून. दुसऱ्या दिवशी पेरणी यंत्र जोडून रानात गेले आणि तासाभरात माझा फोन वाजला.

"चालू होतंय, धा मिनिटं चालतंय आन् बंद पडायलंय. तुझ्याकडं ते इंग्लिश पुस्तक हाय म्हणालीस ना?"

होतं. भाऊ पुण्याला, तो फोन उचलत नव्हता. लहानपणी "पान्याची पेटी आण" असं काका ओरडले की भाऊ पळायचा आणि मी चहा घेऊन जायचे. त्यामुळे ट्रॅक्टरच्या बाबतीत मला विचारलं जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही इंग्रजी येतं म्हणून. मी मोठ्या उत्साहाने वाचायला लागले. काका, फिल्टरच्या डोक्यावर एक ब्लीड स्क्रू असेल. तो ढिला करा. मग फीड पंपाचं प्राइमिंग लिव्हर हलवत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत.

"कसला स्क्रू?"

मी चित्र पाठवलं. उन्हात फोनच्या पडद्यावर काही दिसेना. मी पुन्हा वाचलं. मी "ब्लीड"चं मराठी करायचा प्रयत्न केला, त्यावर इथे काही लिहीत नाही. अर्धा तास असा गेल्यावर काका एकदम म्हणाले, "म्हंजे एअर काढायची म्हणतीस व्हय! ती सकाळपासून तीनदा काढली की."

जे मी पुस्तकातून शोधून सांगत होते, ते त्यांना अनेक वर्षांपासून येत होतं. फक्त त्या गोष्टीची दोन नावं होती आणि आमच्या दोघांत मिळून एकही सामाईक नव्हतं.

इथे थोडं यंत्र समजून घेऊ, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा मारला की ते पेटतं. नोझल उघडायला मोठा दाब लागतो. डिझेल दाबलं जात नाही, त्यामुळे पंपाने दिलेला धक्का जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. पण नळीत हवा शिरली तर हवा दाबली जाते, धक्का तिथेच जिरतो, नोझल उघडत नाही आणि इंजिन बंद पडतं. म्हणून आधी फिल्टरचा, मग पंपाचा स्क्रू ढिला करून हाताने डिझेल ढकलत ती हवा बाहेर काढायची, आणि गरज पडली तर सेल्फ मारत नोझलच्या नळीचा नटही ढिला करायचा. यालाच एअर काढणं म्हणतात.

काकांनी एअर तीनदा काढली होती. प्रश्न वेगळाच होता: ती परत परत येत कुठून होती?

मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हंगामात सगळ्यांचेच ट्रॅक्टर बिघडतात. त्याने बॉनेट उघडण्याआधी एक प्रश्न विचारला. "टाकी भरलेली असताना बी मरतोय का, का अर्ध्याच्या खालीच?"

अर्ध्याच्या खाली. काकांना विचारल्यावर आठवलं. मिस्त्रीने सरळ काचेच्या वाटीला हात घातला. वाटी धुतल्यावर तिच्या काठावर जुनीच रबरी रिंग बसवलेली होती, कडक झालेली, एका जागी तडकलेली. टाकी भरलेली असली की वरच्या डिझेलच्या वजनाने ती फट झाकली जायची. टाकी उतरली की पंप डिझेलसोबत तिथून हवा ओढायचा. नवी रिंग फिल्टरच्या पाकिटात आलेली होती आणि पाकीट घरी खिडकीत होतं.

तोवर दीड दिवस गेला होता. शेजारच्यांचा ट्रॅक्टर भाड्याने आणून काकांनी निम्मं रान पेरलं. उरलेल्या रानावर त्या रात्री पाऊस झाला आणि ती पेरणी आठ-दहा दिवस पुढे गेली.

पहिलं पुस्तक: मराठी पुस्तिका

काकांची पुस्तिका मी नंतर सुट्टीत गेल्यावर मांडी घालून वाचली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तुमच्या घरातल्या मिक्सरपासून पाण्याच्या मोटरीपर्यंत कुठलीही पुस्तिका काढलीत तरी हाच अनुभव येईल. वाटीबद्दल तिच्यात एकच ओळ होती, ती काढून स्वच्छ करावी अशा अर्थाची. रिंग बदला, नंतर एअर काढा, टाकी कमी असताना एकदा चालवून बघा, यातलं काही नाही. काकांनी पुस्तिकेत होतं ते सगळं बरोबर केलं होतं. चूक झाली ती न लिहिलेल्या जागी.

भाषेचं काय? पुस्तिका मराठी आहे, पण ती मराठीत विचार करून लिहिलेली नाही. तिच्यात माणूसच नाही. सगळं "करण्यात यावे" आणि "तपासले जावे" असं आपोआप घडतं. ग्रीस मारण्याला ती "स्नेहन" म्हणते. आता गंमत बघा, मराठीत यासाठी शेकडो वर्षं वापरात असलेला शब्द आहे: वंगण. बैलगाडीच्या चाकाला घालायचं ते काळं वंगण काकांच्या वडिलांनी आयुष्यभर घातलं. काका "ग्रीस" म्हणतात. आजोबांचा शब्दही नाही आणि काकांचाही नाही, असा तिसराच शब्द पुस्तिकेने शोधून काढला. शब्द संस्कृत आहे म्हणून माझी तक्रार नाही. पिस्टनला "दट्ट्या" म्हणणारी शाळेची पुस्तकंही परिभाषाच वापरत होती, पण दट्ट्या म्हटलं की वर-खाली होणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. स्नेहन म्हटल्यावर हातात ग्रीस गन येत नाही.

सावधगिरीच्या सूचनांची पानं तर पुस्तिकेत सगळ्यात जास्त आहेत. फिरत्या पीटीओ शाफ्टपासून दूर राहावे, हे चौकटीत छापलंय. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा तो दांडा, ज्यावर रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र फिरतं. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. हा आकडा पुस्तिकेत दुसऱ्याच पानावर, तांत्रिक माहितीच्या तक्त्यात आहे. दोन्ही एकत्र का नाहीत? ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. पदराचं टोक, धोतराचा सोगा किंवा गळ्यातला गमछा अडकला तर "अगं" म्हणेपर्यंत नऊ वेळा गुंडाळला जातो. हे असं लिहिलं तर वाचणारा थबकतो. आणि सूचनेशेजारच्या चित्रातल्या माणसाने अंगाला घट्ट बसणारा कारखान्यातला पोशाख घातलाय. आमच्याकडे मळणीला असा पोशाख मी कुणाच्या अंगावर पाहिलेला नाही. ही सूचना कुणाला वाचवण्यासाठी लिहिली असेल, तुम्हीच ठरवा.

आणि शेवटी, बिघाड कुठलाही असो, वाट एकाच ठिकाणी जाते: अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. तालुक्याच्या गावी जाऊन, नंबर लावून, माणूस येईपर्यंत वापसा थांबत नाही. या पुस्तिकेत इंजिनाचे तास मोजलेत, साधारण २५० तासांनी ऑइल बदलायचं वगैरे, आणि ते चांगलंच आहे. पण शेताचा वेळ तिच्यात कुठेही नाही.

दुसरं पुस्तक: इंग्रजी मॅन्युअल

आता माझी पीडीएफ. तुम्ही म्हणाल, ट्रॅक्टर लातूरचा आणि पुस्तक इंग्रजी का? याला इतिहास आहे, आणि तो आपण राहतो त्या देशातून जातो. १९४६ ते १९५६ या काळात कोव्हेन्ट्रीच्या बॅनर लेनवर हॅरी फर्ग्युसनचा छोटा करडा ट्रॅक्टर बनत होता, पाच लाखांहून जास्त बनले. नांगर ट्रॅक्टरला तीन जागी जोडून हायड्रोलिकने उचलायची त्याची पद्धत आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे आहे, काकांच्याही. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा बी-२७५ हा ट्रॅक्टर यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डला बनायचा. १९६३ साली महिंद्राने त्याच कंपनीशी भागीदारी करून मुंबईत ट्रॅक्टर बनवायचं ठरवलं, तेव्हा सुरुवात बी-२७५नेच झाली. यंत्रं आली, त्यांच्यासोबत पुस्तकं आली, आणि मेकॅनिकसाठी लिहिलेलं जाड पुस्तक इंग्रजीतच राहिलं. मराठीत आली ती मालकासाठीची पातळ पुस्तिका. चालवायचं मराठीत, उघडायचं इंग्रजीत, अशी ही वाटणी आहे.

मॅन्युअलचं कौतुक आधी करते, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. त्यातली सुटे भाग दाखवणारी चित्रं बघा. एखादा पंप जणू हवेत उघडून थांबवलाय. प्रत्येक वायसर, प्रत्येक स्प्रिंग एका अदृश्य रेषेवर ओळीने तरंगतेय, ज्या क्रमाने आत जाते त्याच क्रमाने. ती काचेची वाटी तिथे होती आणि वाटीवर रिंगही होती, स्वतंत्र आकडा दिलेली. चित्र खोटं बोलत नाही. मला ते वाचता आलं नाही, कारण मी "ब्लीड" शोधत होते आणि उत्तर त्या आकड्यात होतं.

पण या चित्रांतही माणूस नाही. हात नाहीत, चिखल नाही, ऊन नाही, गंजून अडकलेला बोल्ट नाही. आटे गेलेला नट तिथे अस्तित्वातच नाही. मॅन्युअल गृहीत धरतं की तुमच्याकडे स्वच्छ टेबल आहे, क्रमांक दिलेली खास अवजारं आहेत आणि टॉर्क रेंच आहे. सिलेंडर हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या जोराने आवळा असं ते सांगतं, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण एका बाजूने आवळलं तर हेड वाकतं आणि पॅकिंग जातं. पण जोर छापलाय न्यूटन मीटरमध्ये. १०० न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १० किलो टांगल्याएवढा जोर. पाना अर्ध्या मीटरचा असेल तर २० किलो. एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर काकांना निदान अंदाज आला असता. तुम्ही बारावीला भौतिकशास्त्र शिकलात ना? हे वाक्य तुम्हीही लिहू शकला असता. मीही लिहू शकले असते.

जोडणी उलट क्रमाने करावी, हे वाक्य तर या पुस्तकांचं ब्रीदच. उलगडायची बारा पावलं सविस्तर सांगून झाली की परतीचा प्रवास एका ओळीत. ज्याने कधी काही खोललंय त्याला माहीत असतं की परतीच्याच वाटेवर रिंग विसरते.

ही उणीव इंग्रजांनाही जाणवली होती. जॉन हेन्स नावाच्या तरुणाने मित्राची गाडी दुरुस्त करताना कंपनीचं पुस्तक कुचकामी ठरल्यावर स्वतः गाडी खोलली, प्रत्येक पायरीचे फोटो काढले आणि त्यावरून १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीचं मॅन्युअल छापलं. पुढे प्रत्येक पुस्तकासाठी गाडी खरोखर खोलून परत जोडायची, हीच त्यांची पद्धत झाली. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये ही हेन्सची पुस्तकं तुम्हाला हमखास दिसतील, बहुतेक काळ्या बोटांच्या ठशांसकट. त्यांच्या फोटोंत हात दिसतात. मॅन्युअलच्या जगात ही मोठी गोष्ट होती: ज्याने लिहिलं त्याने केलं होतं.

आणि म्हणूनच मला हीथ रॉबिन्सन आठवतो. १९३९ साली के. आर. जी. ब्राउन या लेखकासोबत त्याने मोटार चालवणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकांची टर उडवणारं एक पुस्तकही केलं होतं. त्याची यंत्रं हास्यास्पद आहेत, पण त्यांच्यात काहीच लपलेलं नाही. कुठलीही दोरी बोटाने धरून तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ शकता, आणि प्रत्येक गाठीपाशी एक माणूस उभा असतो. मॅन्युअलचं चित्र अचूक आहे पण निर्मनुष्य. मला या दोघांच्या मधलं पुस्तक हवंय.

मिस्त्री आणि व्हिडिओ

इथे तुम्ही म्हणाल, मग मिस्त्री आहे की. तोंडी ज्ञानच खरं. मला हे इतकं सोपं वाटत नाही. मिस्त्रीचा तो एक प्रश्न मी आजवर वाचलेल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा सरस होता, हे मान्य. पण हेच मिस्त्री नोझलचा फवारा तळहातावर घेऊन तपासतानाही मी पाहिलेत. तो फवारा इतक्या दाबाचा असतो की कातडी फोडून डिझेल आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमावायची वेळ येऊ शकते. तोंडी ज्ञानात चांगलं आणि घातक शेजारी शेजारी बसलेलं असतं आणि दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने सांगितलं जातं. शिवाय ते ज्ञान त्या माणसाचं पोट आहे. तो सगळं का सांगेल?

मिस्त्रींचे मराठी व्हिडिओ हा या सगळ्यावरचा आजचा उतारा आहे, आणि मी ते आवडीने बघते. त्यांत हात आहेत, चिखल आहे, खरी भाषा आहे: मिसिंग मारतोय, लोड घेत नाही, ऑइल खातंय. पण व्हिडिओला अनुक्रमणिका नसते. तुम्हाला हवं ते वाक्य चौदाव्या मिनिटाला असतं आणि रानात रेंज नसते. कागद पान्याच्या पेटीत राहतो.

तक्ता हा साहित्यप्रकार

आता मुद्द्यावर येते. जवळजवळ प्रत्येक मॅन्युअलमध्ये शेवटी एक तक्ता असतो. डावीकडे लक्षण, मधे संभाव्य कारण, उजवीकडे उपाय. बहुतेक जण तिथे पोचतच नाहीत. मला मात्र वाटतं, अख्ख्या पुस्तकाची पारख याच पानावर होते. चांगला तक्ता ओळखायच्या माझ्या तीन कसोट्या आहेत.

पहिली: सुरुवात लक्षणापासून होते की भागापासून? ज्याला बिघाड कुठल्या भागात आहे हे माहीत आहे, त्याला तक्ता कशाला हवा? त्याला फक्त दिसतंय की धूर काळा येतोय. मग तिथूनच धरायचं. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर क्लीनर तुंबला, लोड जास्त झाला किंवा नोझल नीट फवारा मारत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले. पांढरा धूर थोडा वेळ, थंडीत, सकाळी, तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा हेड पॅकिंगमधून पाणी आत जातंय.

दुसरी: क्रम कसा लावलाय? कारण बरोबर असणं पुरेसं नाही. आधी फुकटचं बघायचं: टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का. मग दहा रुपयांचं: रिंग, वायसर, फिल्टर. मग शेकड्यातलं. इंजिन खोलायची गोष्ट सगळ्यात शेवटी. माझ्या पीडीएफमधल्या तक्त्यात सगळी कारणं होती, पंपाआधीची गळतीही होती. पण ती नोझल आणि पंपाच्या दुरुस्तीच्या खाली, शेवटच्या ओळीत होती. लिहिणाऱ्याला खर्च भरायचा नव्हता, हे त्या क्रमावरून कळतं.

तिसरी: कुठे थांबायचं ते सांगितलंय का? पंप खोलू नकोस, तो बाकावर तपासूनच बसवावा लागतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नकोस. इथून पुढे मिस्त्रीला बोलाव. हे सांगणं आणि प्रत्येक ओळीला विक्रेत्याकडे पाठवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या तीन कसोट्या लावल्या की लक्षात येतं, चांगला तक्ता वाचणाऱ्याबद्दल एक गोष्ट धरून चालतो: याला आत्ता माहीत नाही, पण सांगितलं तर हा करू शकतो. आपल्याकडच्या किती लेखनात वाचकाबद्दल एवढा विश्वास असतो?

आणि मराठीला हे नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. १९२० साली त्याच कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं पत्रक म्हणून निघालेली ती खबर पुढे मराठीतलं मोठं मासिक झाली. म्हणजे नांगर विकणाऱ्या माणसांना एकेकाळी चांगलं मराठी लिहिणं आपल्या धंद्याचा भाग वाटत होतं.

हक्क आणि वाचन

तुम्ही 'राइट टू रिपेअर'बद्दल ऐकलं असेल. अमेरिकेत कोलोरॅडोने २०२३ साली शेतकऱ्यांना स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करण्यासाठी लागणारी पुस्तकं, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर द्यायला कंपन्यांना भाग पाडणारा कायदा केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये याच विषयावर समिती नेमली आणि ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात करायचं ठरवलं त्यात शेतीची अवजारं होती. हे महत्त्वाचं आहेच, आणि दिवसेंदिवस जास्त होणार, कारण धुराचे नियम कडक झाल्यावर मोठ्या ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. तिथे बिघाड धुराच्या रंगातून कळायच्या आधी पडद्यावरच्या आकड्यातून कळतो, आणि त्या आकड्याचा अर्थ ज्याच्याकडे आहे तोच मिस्त्री.

पण माझा अनुभव एवढंच सांगतो की पुस्तक मिळणं ही अर्धी गोष्ट झाली. माझ्याकडे पुस्तक होतं. फोन होता, इंग्रजी होतं, पीएचडीसुद्धा होती. तरी दीड दिवस गेला. पुस्तक उपलब्ध असणं आणि शेतात उभ्या असलेल्या माणसाला ते वाचता येणं, यांच्यामध्ये कुणीतरी बसून काम करावं लागतं. ते काम कायदा करत नाही.

एक पान

म्हणून त्या सुट्टीत आम्ही ते केलं, काका आणि मी. एक पान, ट्रॅक्टर सुरू न होणं आणि चालता चालता बंद पडणं, एवढ्यापुरतंच. मी मॅन्युअलवरून कारणं काढली, स्वस्तापासून महागापर्यंत लावली आणि मराठी केलं. "शोषण बाजूस गळती" असं मी लिहिलं होतं. काकांनी चष्मा लावून वाचलं, पेन घेतलं आणि ते खोडून "पंपाच्या अलीकडं हवा धरतंय" असं केलं. शेजारी मिस्त्रीचा प्रश्न घातला. नंतर ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, आणखी एक रकाना पाडू.

"वर लिही, आज काय करायचं."

मला आधी कळलं नाही. उपायाचा रकाना होता की. ते म्हणाले, उपाय म्हणजे रिंग बदलायची. पण रिंग घरी नसली आणि वापसा असला तर? मग त्यांनीच सांगितलं आणि मी लिहिलं: टाकी काठोकाठ भर, अर्ध्यावर यायच्या आत परत भर, वाटीतून डिझेल गळत नाही ना ते बघत राहा, आणि पेरून घे. रिंग उद्या. मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या डोक्यात हा रकाना येणं शक्यच नव्हतं. त्याला पेरायचं नव्हतं.

ते पान लॅमिनेट करून पान्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय. त्यात चुका असतील. हायड्रोलिकचं पान अजून व्हायचंय. लिफ्ट उचलत नाही याची इंग्रजी कारणं माझ्याकडे तयार आहेत, पण क्रम काकांनी लावायचाय, आणि आता ते अधूनमधून त्यासाठी फोन करतात. पूर्वी आमचं फोनवर बोलणं "जेवलीस का, थंडी आहे का" याच्या पुढे जात नव्हतं.

तुमच्याही घरी असं काहीतरी असेल. ट्रॅक्टर नसेल तर विहिरीवरची मोटर, पिठाची गिरणी, शिलाई मशीन. ती बंद पडली की घरात नेमकं काय म्हणतात, तो शब्द आम्हाला लिहून पाठवा. आधी काय बघतात, तेही. इंग्रजी शब्द आम्ही शोधू.